साठ पानांचा डाव

कोल्हापुरात पत्ते कुणी मुद्दाम शिकवत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी चार पोरं एका घरात जमली की सतरंजीवर मेंढीकोट नाहीतर बदाम सात सुरू होतो, आणि शेजारी बसून बघता बघता धाकटी पोरं शिकून जातात. हुकूम कधी काढायचा, मेंढी कशी वाचवायची, कुठली पानं येऊन गेली आणि समोरच्याच्या हातात काय उरलं असेल, हा हिशोब सातवी-आठवीपर्यंत अंगात मुरलेला असतो.

आता त्याच सतरंजीवर पोकेमॉनची कार्डं आली आहेत. घरातल्या मोठ्यांना वाटतं, हाही पत्त्यांचाच प्रकार, शिकतील आपली आपण. पण तसं होत नाही. पोरांकडं कार्डांची चांगली जाड चळत असते, रबर लावून ती खिशातून फिरतही असते, आणि खेळ कसा खेळायचा विचारलं तर सांगतात, "ज्याचा एचपी जास्त, त्यानं दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं." एचपी म्हणजे पोकेमॉन किती मार सोसतो तो आकडा. त्यावरून पान जिंकणं हा झाला ट्रम्प कार्डांचा खेळ. त्याला हरकत नाही. पण या कार्डांत डोकं चालवायला लावणारा एक खराखुरा डाव आहे, आणि तो एकदाही न खेळता पोरं मोठी होतात याची मला मनापासून हळहळ वाटते.

या जातीच्या खेळांची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत झाली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं 'मॅजिक: द गॅदरिंग' रचला. दोघांत मिळून पत्त्यांचा एक कॅट असं न ठेवता प्रत्येकानं आपला कॅट स्वतः जुळवून आणायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. पोकेमॉनची कार्डं जपानमध्ये १९९६ साली आली आणि इंग्रजीत १९९९ साली. चित्रांच्या ओढीचं म्हणाल तर ती आपल्याकडं फार जुनी आहे. आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडीत दशावतारी गंजिफा अजून हातानं रंगवतात: दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पानं. तीही बरीचशी शोकेसमध्येच जाऊन बसली, खेळणारे कमी उरले.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पोकेमॉन शिकताना एक जुनी सवय आडवी येते. पान राखून ठेवायची. आपल्या पत्त्यांत हुकमाचा एक्का शेवटपर्यंत धरून बसणं हे शहाणपण आहे, कारण वाटलेल्या पानांपलीकडं नवीन काही हातात येणार नसतं. इथं समोर साठ पानांची गड्डी आहे आणि डाव संपेपर्यंत तिच्यातून जेवढं ओढता येईल तेवढं ओढायचं आहे. हातात अडकून राहिलेलं चांगलं पान इथं बहुतेक वेळा वायाच जातं. त्यामुळं कुठलं पान राखायचं यापेक्षा कुठलं पान कुठल्या पानाच्या आधी उतरवायचं, हे शिकणं म्हणजे हा खेळ शिकणं. बाकी नियम दोन दुपारींत तोंडपाठ होतात.

मांडणी आधी. दोघांनी आपापली साठ पानं पिसायची, समोरच्याला काटायला द्यायची आणि सात पानं उचलायची. त्यांतला एक बेसिक, म्हणजे पहिल्या पायरीचा, पोकेमॉन पालथा पुढं ठेवायचा. हा ॲक्टिव्ह, लढणारा. मागं बेंचवर जास्तीत जास्त पाच बेसिक बसतात. मग गड्डीच्या वरची सहा पानं न बघता बाजूला ठेवायची, ही प्राइझ कार्डं. समोरच्याचा एक पोकेमॉन पाडला की आपल्याच प्राइझमधलं एक पान आपण उचलायचं. नावापुढं ईएक्स लिहिलेला बलदंड पाडला तर बहुतेक वेळा दोन. सहाही उचलली की जिंकलो. समोरच्याकडं मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही तरी जिंकलो, आणि टर्नच्या सुरुवातीला ज्याला उचलायला गड्डीत पानच नसेल तो हरला. नवख्यांना हा तिसरा प्रकार लक्षात राहत नाही आणि पानं ओढायची गोडी लागली की नेमके तेच तिथं सापडतात.

टर्नमध्ये आधी एक पान उचलायचं. हातातून एनर्जी (अटॅकला लागणारं बळ) पोकेमॉनला एकदाच लावता येते. सपोर्टर, स्टेडियम आणि आयटम ही मदतीची ट्रेनर कार्डं: त्यांतलं सपोर्टर एकच, स्टेडियम एकच, आणि ॲक्टिव्हला मागं घेणंही एकदाच, तेही त्याच्यावरच्या एनर्जीची किंमत मोजून. आयटम हवे तेवढे. अटॅक केला की टर्न संपला. पहिला खेळणारा आपल्या पहिल्या टर्नला अटॅक करू शकत नाही आणि सपोर्टरही खेळू शकत नाही. या टर्नला मांडलेला पोकेमॉन याच टर्नला इव्हॉल्व्ह होत नाही, म्हणजे त्याच्यावर पुढच्या पायरीचं पान बसवता येत नाही. इव्हॉल्व्ह झाल्यावर अंगावरचं डॅमेज आणि एनर्जी तशीच राहते. झोप, विषबाधा वगैरे मात्र जाते, आणि बेंचवर नेलं तरी जाते. समोरच्या पोकेमॉनची वीकनेस आपल्या पोकेमॉनच्या रंगाची असेल तर डॅमेज दुप्पट, रेझिस्टन्स असेल तर ३० कमी. डॅमेज मोजायला घरात चिंचोके असतातच. एक चिंचोका १० चा, एक कवडी ५० ची. ३३० एचपीच्या चारिझार्ड ईएक्सवर नुसते चिंचोके ठेवत गेलात तर पान दिसेनासं होतं.

आता एकच टर्न हळूहळू खेळून बघू, कारण सगळं त्यातच आहे.

तुमच्या ॲक्टिव्ह जागेवर चार्मँडर आहे, मागच्या टर्नला मांडलेला. हा बेसिक, याचा पुढं चार्मेलिऑन आणि मग चारिझार्ड होतो. हातात सहा पानं: चारिझार्ड ईएक्स, रेअर कँडी, चार्मेलिऑन, नेस्ट बॉल, एक फायर एनर्जी आणि प्रोफेसर्स रिसर्च. हा शेवटचा सपोर्टर सांगतो, हातातली सगळी पानं टाकून द्या आणि सात नवीन उचला.

नवशिका दोनपैकी एक करतो. सात पानांच्या मोहानं रिसर्च आधीच खेळतो, मग चारिझार्ड आणि कँडी दोन्ही टाकलेल्या पानांत जाऊन पडतात. नाहीतर एवढी चांगली पानं टाकवत नाहीत म्हणून रिसर्च धरून ठेवतो, चार्मँडरला एनर्जी लावतो, कसाबसा अटॅक करतो आणि पुढच्या टर्नला समोरचा त्याचा चार्मँडर उडवतो. दुसरा प्रकार मेंढीकोटवाल्यांचा, आणि जास्त दिसणारा.

बरोबर क्रम असा. सगळ्यात आधी नेस्ट बॉल. त्यानं गड्डी शोधून एक बेसिक थेट बेंचवर बसवता येतो. दुसरा चार्मँडर बसवा. पण खरा फायदा वेगळाच आहे: या निमित्तानं अख्खी गड्डी तुम्हाला बघायला मिळते. आपण काय काय घातलंय ते ठाऊक असतंच, त्यामुळं जे पान गड्डीत, हातात आणि मैदानात कुठंच नाही ते प्राइझमध्ये अडकलेलं आहे. कॅटमध्ये एखादं पान एकच घातलं असेल तर ते प्राइझमध्ये जाण्याची शक्यता दहात एक आहे, म्हणजे अधूनमधून हे घडणारच. चांगले खेळाडू पहिल्या शोधाला वेळ घेतात तो यासाठी.

मग रेअर कँडी. ती मधली पायरी गाळून चार्मँडरवर थेट चारिझार्ड ईएक्स बसवते. हातातून इव्हॉल्व्ह करताना त्याची इन्फर्नल रेन ही क्षमता वापरता येते: गड्डीतून तीनपर्यंत बेसिक फायर एनर्जी शोधून आपल्या पोकेमॉनांना हव्या तशा लावा. दोन चारिझार्डला, कारण त्याच्या अटॅकला दोनच लागतात. तिसरी बेंचवरच्या चार्मँडरला. हातातली एनर्जी अजून लावायची आहे. ती आताच लावायची, कारण रिसर्च खेळला की ती टाकावी लागेल. तीही मागच्या चार्मँडरवरच टाका. हा पुढचा चारिझार्ड, आजच्याला काही झालं तर तयार असलेला.

आता हातात चार्मेलिऑन आणि रिसर्च एवढंच उरलं. आता रिसर्च खेळा. एका चार्मेलिऑनच्या बदल्यात सात पानं. आणि गड्डीतून तीन एनर्जी आणि एक बेसिक आधीच बाहेर काढल्यामुळं त्या सात पानांत कामाची पानं येण्याची शक्यता वाढलेली आहे. नवीन पानांतले आयटम वापरून घ्या, आणि सगळ्यात शेवटी अटॅक. चारिझार्डचं मूळ डॅमेज १८०, शिवाय समोरच्यानं उचललेल्या प्रत्येक प्राइझमागं ३० जास्त. त्यानं दोन उचलली असतील तर २४०.

पानं तीच सहा. क्रम बदलला की एका बाजूला रिकामं मैदान आणि दुसऱ्या बाजूला उभा चारिझार्ड, तयार होणारा दुसरा आणि हातात सात ताजी पानं. हे एकदा हातानं करून बघितलं की पोराच्या डोळ्यांत फरक दिसतो. मला या खेळात सगळ्यात आवडते ती हीच जागा.

राखायची पानं अजिबात नसतात असं नाही. बॉसेस ऑर्डर्स हा सपोर्टर समोरच्याच्या बेंचवरचा आपल्याला हवा तो पोकेमॉन ओढून पुढं आणतो. शेवटची दोन प्राइझ उरली असताना मागं लपलेला जखमी ईएक्स ओढण्यासाठी तो जपून ठेवावा. म्हणूनच स्वतःचं बेंच भरमसाट भरू नये. पाच जागा आहेत म्हणून पाचही भरल्या, की समोरच्याला सोपी शिकार निवडायला मिळते.

कॅट जुळवण्याकडं वळू. नियम थोडके आहेत: बरोबर साठ पानं, एका नावाची जास्तीत जास्त चार, बेसिक एनर्जी मात्र कितीही. पोरं पंचवीस पोकेमॉन, पंचवीस एनर्जी आणि उरलेल्या जागेत ट्रेनर कार्डं असा कॅट करतात, कारण ट्रेनरवर पोकेमॉनचं चित्र नसतं आणि ते बिनकामाचं वाटतं. असा कॅट चार-पाच टर्नांत ठप्प होतो. हातात एनर्जीच एनर्जी, आणि लावायची एका टर्नला एक. चालणाऱ्या कॅटमध्ये साधारण १५ ते १८ पोकेमॉन, ३० ते ३५ ट्रेनर आणि ८ ते १२ एनर्जी असतात. निम्मी किंवा त्याहून जास्त पानं ट्रेनर, आणि त्यांतली बरीचशी फक्त दुसरी पानं शोधायला आणि ओढायला असतात, हे पहिल्यांदा पचत नाही.

बेसिक किती हवेत याचं गणित करता येतं. पहिल्या सात पानांत एकही बेसिक नसेल तर हात दाखवून, परत पिसून सात उचलावी लागतात, आणि दर वेळी समोरच्याला एक पान जास्त घेता येतं. कॅटमध्ये ८ बेसिक असतील तर असं होण्याची शक्यता १०० त ३५ च्या आसपास. १० असतील तर २६, १२ असतील तर १९. आठाचे बारा केले की त्रास जवळजवळ निम्मा होतो. तसंच एखाद्या पानाच्या चारही प्रती घातल्या तर पहिल्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता १०० त ४०. म्हणून ज्या पानावर कॅट उभा आहे ते चार घालायचं, आणि 'हेही एक असू दे, तेही एक असू दे' हा मोह आवरायचा.

हे सगळं शिकायला पाकिटं फोडत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. पाकिटात दहा पानं निघतात, कुठली ते नशिबावर. दहा पाकिटं फोडूनही खेळण्याजोगा एक कॅट जुळेल याची खात्री नसते, कारण हवं ते पान चार वेळा लागतं. पाकीट फोडण्याची मजा आहे, पण ती वेगळी मजा आहे, आणि तिचा नाद लागलेलं पोर खिसा रिकामा होईपर्यंत थांबत नाही. घरातल्या मोठ्यांनी पत्त्यांच्या नादाची भीती बाळगायचीच असेल तर ती इथं बाळगावी, डाव खेळण्याबद्दल नव्हे. शिकण्यासाठी दोन तयार कॅट घ्यावेत. बॅटल अकॅडमी नावाच्या खोक्यात साठ पानांचे तीन तयार कॅट आणि मांडणीचा पट मिळतो. दोघांनी मिळून घेतलं तर भारीही पडत नाही.

शाळेसमोर स्टेशनरीच्या दुकानात लटकणारी स्वस्त पाकिटं बहुतेक नकली असतात. सोनेरी, प्लास्टिकसारखी खणखणीत, एचपी हजारांत. अस्सल पानावर एचपी तीन आकड्यांच्या पुढं जात नाही आणि नेहमी दहाच्या पटीत असतो. अस्सल पानाची कड नीट बघितली तर पांढऱ्या थरांमध्ये काळसर रेघ दिसते. पाठीचा निळा रंग फिकट किंवा जांभळट वाटला तरी शंका घ्यावी. नकली पानांवरचे अटॅक बरेचदा अर्थहीन छापलेले असतात, त्यामुळं त्यांनी डाव खेळताच येत नाही. ज्या पोराकडं तीच आहेत त्याला हसू नका. त्याच्यासाठी दुसरी सोय आहे: घरच्या डावात वहीच्या कागदावर पानाचं नाव आणि मजकूर लिहायचा, तो कागद एखाद्या एनर्जी कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवायचा. स्पर्धेत हे चालत नाही, पण शिकायला अख्खा कॅट असा करता येतो.

स्लीव्ह म्हणजे पानाला घालायची प्लास्टिकची खोळ. पान ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, खोळ ६६ बाय ९१ ची घ्यावी. सगळ्या एकाच रंगाच्या, आणि पाच-सहा जास्तीच्या, कारण फाटतात. खोळ घातलेली पानं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं पिसायला गेलं की निसटतात. गड्डीचे दोन भाग करून एकाच्या कडेत दुसरा हलकेच घुसवायचा, असं सात-आठ वेळा. पानं एकेक करून ढिगांत वाटली म्हणजे पिसली असं होत नाही, ती फक्त मोजून होतात. सतरंजीवरून खोळ घातलेलं पान उचलताना नखं लागतात, त्यावर जाडसर सुती कापड अंथरावं. रंकाळ्याच्या काठावर बसून खेळायची कल्पना छान आहे, पण वाऱ्यानं बेंच उडतं.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत ओल असते, तेव्हा चमकणारी फॉइलची पानं वाकतात. कागद ओल शोषून फुगतो, वरचा चमकदार थर फुगत नाही, म्हणून पान कमानीसारखं होतं. चारच पानं वाकलेली असतील तर पिसलेल्या गड्डीतही ती कुठं आहेत ते बाजूनं दिसतं, आणि स्पर्धेत अशी पानं खुणेची धरली जाऊ शकतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावीत. कॅटमध्ये घालायचं पान साधं आणि फॉइल दोन्ही मिळत असेल तर साधंच घालावं.

मोबाइलवर शिकायचं असेल तर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे मोफत ॲप आहे. २०२३ साली ते आलं. नियम ते स्वतःच सांभाळतं, त्यामुळं चूक होऊच देत नाही, आणि हाच त्याचा तोटाही आहे: सतरंजीवर बसल्यावर प्राइझ उचलायचं राहून जातं. टीसीजी पॉकेट हा वेगळा, छोटा खेळ आहे. कॅट वीसच पानांचा, बेंच तिघांचं, आणि एनर्जी कॅटमध्ये घालावीच लागत नाही. तो खेळून आलेलं पोर साठ पानांच्या कॅटमध्ये एनर्जी घालायलाच विसरतं.

पहिले काही डाव हात उघडे ठेवून खेळावेत. दोघांचीही पानं चटईवर सरळ मांडलेली, आणि प्रत्येक टर्नला पान उतरवण्याआधी मोठ्यानं सांगायचं, "आधी हे, मग हे, कारण..." समोरच्यानं "थांब भावा, बॉल आधी खेळ की" म्हणायला पूर्ण मुभा. नंतर कॅटांची अदलाबदल करून तेवढेच डाव. ज्याच्याकडून आपण हरतो त्याचा कॅट स्वतः खेळला की तो कुठं अडतो ते कळतं.

हात झाकून खेळायला लागलात की शेजारी एक वही ठेवा. डाव संपल्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: शेवटी हातात न खेळता पडून राहिलेली पानं कुठली, आणि डावात कुठल्या पानाची वाट बघत बसलो. आठ-दहा डावांनंतर वहीत तीच तीच नावं दिसायला लागतात. पहिल्या यादीतली दोन पानं काढायची, दुसऱ्या यादीतली दोन घालायची, एका वेळी दोनच. सहा-सात एकदम बदलली तर कशामुळं सुधारलं आणि कशामुळं बिघडलं ते कळायला मार्ग उरत नाही. बहुतेक पोरांच्या वहीत पहिल्या यादीत सगळ्यात वर एनर्जी येते आणि दुसरीत प्रोफेसर्स रिसर्च.